ते माझं दुखणं नव्हतं

छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण संपलो असं वाटतं, आणि डॉक्टर मात्र तपासून सांगतात की तुमचं हृदय ठणठणीत आहे. असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी त्यांच्यातलाच एक. पण त्यांच्याहूनही जास्त हे त्यांच्या घरच्यांसाठी आहे, कारण माझ्या घरातून जे माणूस गेलं ते मी नव्हतो. माझी बायको हिरा गेली, आणि माझ्या दुखण्यात मी इतका तरबेज झालो होतो म्हणून गेली.

पहिला दिवस

मी दांडीचा. आमच्या आळीत घरोघरी डाय खोदतात. लोखंडाच्या ठोकळ्यात दागिन्याचा नमुना उलटा कोरायचा, मग सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि नथीचं फूल किंवा मण्याची वाटी उठते. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, दिवसभर मान खाली. डावा खांदा दुखत नाही असा माणूस आमच्या आळीत सापडायचा नाही. कुणी हात चोळत बसला तर आम्ही विचारतसुद्धा नाही.

माझा थोरला भाऊ चैत्रात असाच कामावर बसल्या बसल्या गेला. हातातली हातोडी खाली ठेवली आणि पुढं वाकला. आम्हाला वाटलं काहीतरी पडलेलं शोधतोय. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच जागी बसून मी एका बुगडीचा डाय खोदत होतो. एकाएकी छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, घाम फुटला, डोळ्यांपुढं आळी हलायला लागली. मी उठून ओरडत अंगणात पळालो. ‘मेलो, मेलो’ असं मी ओरडत होतो म्हणे. हिरा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिनं मला धरलं आणि सोळा वर्षांच्या आमच्या मंदाला सांगितलं, “जा गो, पांडूभावजींना हाक मार.”

पांडूदादा म्हणजे आमचा शेजारी, तोही डायवाला. त्यानं आणि हिरानं मला एसटीत घातलं, बोईसरला आगगाडीत बसवलं आणि पालघरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी हिराला शेवटचं काय काय सांगत होतो ते आता आठवलं की लाज वाटते. डाय कुणाला द्यायचे, मंदाला कुठं द्यायची, सगळं सांगून झालं. ती प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणत होती.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा

पालघरला मला सहा दिवस ठेवून घेतलं. पहाटे नर्सबाई काचेची नळी तोंडात घालायच्या, मग घरून आणलेल्या पेल्यात चहा, मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी भेटीची वेळ. हिरा रोज दांडीहून यायची, भाताचा डबा घेऊन. एका दिवसात दोन वेळा एसटी आणि दोन वेळा गाडी, आणि त्यातही सुक्या मासळीची पाटी विकून यायची. मी मात्र ती पाच मिनिटं उशिरा आली तरी तोंड फुगवायचो.

माझ्या शेजारच्या खाटेवर जव्हारकडचा एक म्हातारा होता. त्याला हृदयाचा खराखुरा झटका आला होता. मी पहिल्या दिवशी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, आणि हा माणूस गप्प पडून होता. रंग राखेसारखा. डॉक्टरांनी विचारलं, “बाबा, काय होतंय?” तो अगदी हळू म्हणाला, “काय नाय. छातीवर कुनी धोंडा ठेवलाय, त्यो निघंना. हात जड झालाय.” बस्स. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होता.

तो म्हातारा वाचला. सहाव्या दिवशी मी निघालो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, आणि त्याच्या बायकोनं हिराच्या हातात रानातले उकडलेले कंद ठेवले होते. पानात बांधलेले, अजून कोमट होते. दोघी बायका एकमेकींचं बोलणं अर्धंच समजत होत्या, पण निघताना दोघींनी डोळे पुसले. तो धोंडा आणि तो जड हात मी माझ्या कानांनी ऐकला होता, हे इथं लिहून ठेवतो.

निघताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. “तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, सगळं तपासलं. भाऊ गेल्याची भीती मनात बसलीय, ती अशी बाहेर येते. पुन्हा झालं तर पळू नका. एका जागी बसा, श्वास हळू सोडा, मन कशात तरी गुंतवा. पंधरा-वीस मिनिटांत ओसरेल.” मी उठलो तेव्हा ते पुढं म्हणाले, “हे तुमच्यापुरतं सांगतोय, कारण तुम्हाला तपासलंय. आणि कधी वेगळं काही वाटलं तर मात्र लगेच यायचं.”

मला पहिलं सगळं पाठ झालं. शेवटची दोन वाक्यं मी दारातच ठेवून आलो.

पाहुणा

हिरानं माझ्या दुखण्याला नाव ठेवलं, ‘पाहुणा’. माझा चेहरा उतरला की ती विचारायची, “काय वो, पाव्हना आला काय?” मग मला ओट्यावर पाटावर बसवायची, पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायची आणि म्हणायची, “मोजा.”

काय मोजायचं? पांडूदादाच्या हातोडीचे ठोके. त्याचं घर भिंतीला भिंत लागून. दिवसभर ठक, ठक, ठक. हे हिराच्याच डोक्यातून निघालं होतं. मन गुंतवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आमच्या आळीत हातोडीशिवाय दुसरं काय होतं? ती माझ्यासमोर बसून माझ्याबरोबर मोजायची. साधारण पाचशे ठोके झाले की पाहुणा उठायचा. “गेला बगा,” ती म्हणायची, “च्यासुद्धा न घेता.”

कधी चेष्टा करायची. “भित्यापाठी ब्रम्हराक्षस म्हनतात ते तुमाला बगूनच.” मी चिडायचो. पण खरं सांगतो, त्या चेष्टेनंच मी तगलो. मरणाला पाहुणा म्हणणारी बाई समोर बसली असली की मरणालाही जरा ओशाळायला होत असावं.

दोन वर्षं असं चाललं. पांडूदादाला पुढं पुढं कळायला लागलं. मी ओट्यावर बसलेला दिसलो की तो छिन्नी बदलायलाही थांबायचा नाही, एकसारखे ठोके घालत राहायचा. आळीतल्या बायकाही हिराकडं विचारायला यायच्या. कुणाची सून घाबरली, कुणाचं पोर दचकलं, की आमच्या घरचा उतारा, घमेलं आणि ठोके. आम्ही दोघं नवराबायको म्हणजे घाबरण्याचे वैद्यच होऊन बसलो होतो.

तिच्याकडं कुणी बघितलं नाही

घरात एकाचं दुखणं मोठं झालं की दुसऱ्याच्या दुखण्याला जागा उरत नाही. मी वाणगावला नात्यातल्या लग्नालाही जायचो नाही, एसटीत बसायचो नाही, एकटा समुद्रावर जायचो नाही. बाहेरचं सगळं हिरावर आलं. मासळी घ्यायला तीच, विकायला तीच, डाय पोचवायलाही तीच. एकदाच ती फुटली. पाटी आपटून म्हणाली, “तुमची छाती जपता जपता माजी कंबर मोडली. मला कोन जपनार हाय?” संध्याकाळी पुन्हा हसत होती. मला वाटलं, राग गेला.

शेवटच्या पावसाळ्यानंतर ती समुद्रावरून घरी येताना दोनदा बसायला लागली होती. पाटी खाली ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून. मंदानं मला सांगितलं. मी हिराला विचारलं तर म्हणाली, “वय झालं.” चव्वेचाळीस वर्षांचं वय. माझ्या नाडीचे ठोके मी दिवसातून दहा वेळा बघत होतो, आणि बायको वाटेत का बसते याचा विचार मी एकदाही केला नाही.

मंगळवार

तेव्हा तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं. तिथल्या मजुरांच्या खानावळीसाठी दर मंगळवारी एक जीप आमच्या दाराशी यायची आणि हिराकडून सुके बोंबील न्यायची. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, रामआसरे. हिराला भाभी म्हणायचा.

त्या मंगळवारी सकाळी हिरा त्याच्यासाठी बोंबील बांधत होती. बांधता बांधता थांबली आणि ओट्याच्या कडेला बसली. मी आतून बघत होतो. मला वाटलं दोरी तुटली.

“अवो,” ती म्हणाली, “तुमचा पाव्हना आज घर चुकला वाटतं.”

मी बाहेर आलो. तिच्या कपाळावर घाम होता. मला हसू आलं, हे मी लपवत नाही. दोन वर्षं ती माझी वैद्य होती, आज मला तिचा वैद्य व्हायची पाळी आली होती. मंदाला हाक मारून मी घमेलं आणवलं, हिराला पाटावर बसवलं, पाय पाण्यात ठेवले.

“मोज,” मी म्हणालो. भिंतीपलीकडं पांडूदादाची हातोडी चालू होती. ती ओठातल्या ओठात मोजायला लागली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुमाला छातीवर वरवंटा ठेवल्यावानी व्हतं काय वो?”

“व्हतं.”

“आनि हात? ह्यो डावा लय जड झालाय.”

“आमच्या आळीत कुनाचा हात जड नाय?”

“मी कुठं छिन्नी धरते?” ती म्हणाली. मग जबडा चोळत तिनं विचारलं, “हितं पन कळ येते तुमाला? दातापरेंत?”

“येते गो, येते. समदं येतं. तू मोज.”

इतक्यात जीप आली. रामआसरे उतरला, त्यानं हिराकडं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. “भाभी को क्या हुआ? रंग देखिए इनका. गाड़ी में बिठाइए, मैं बोईसर छोड़ देता हूँ. खानावल का मैं देख लूँगा.”

हिरानं माझ्याकडं बघितलं. जायचं की नाही ते माझ्यावर सोडलं होतं तिनं. त्या बघण्यात भीती नव्हती, नुसती वाट बघणं होतं.

मी म्हणालो, “काय नाय हो भय्या. मेरे को रोज होता है. पंधरा मिनिट में उतरता है.”

त्यानं दोनदा विचारलं. मग बोंबिलांची गाठोडी उचलली, आणि वळून वळून बघत जीपमध्ये बसला. धूळ खाली बसेपर्यंत हिरा रस्त्याकडं बघत होती.

मग तिला उलटी झाली. मी म्हणालो, पित्त. मंदा म्हणाली, “बाबा, आईचे हात बगा, कसे गार पडलेत.” मी म्हणालो, “माजे पन पडतात.” तीनशेच्या पुढं हिराचे ओठ हलायचे थांबले. तिनं मान जरा वाकडी केली, कानोसा घेतल्यासारखी.

“पांडूभावजी थांबले का वो?” तिनं विचारलं.

पांडूदादा थांबला नव्हता. हातोडी चालूच होती, एकसारखी, आम्ही शिकवली होती तशी. ठक, ठक, ठक. हिरा माझ्या खांद्यावर टेकली आणि तिचे पाय घमेल्यातच घसरले.

पुढचं थोडक्यात सांगतो. आम्ही तिला उचलून रस्त्यावर धावलो, खडीचा एक ट्रक थांबला, बोईसरच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि तिचे डोळे मिटवले. दवाखान्यासमोर रामआसरेची जीप उभी होती. खानावळीत माल टाकून तो बोईसरला कशाला तरी आला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

डॉक्टर काय म्हणाले

हिराचं दिवसकार्य झाल्यावर मी पालघरला त्याच डॉक्टरांकडं गेलो. सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या, त्यांनी चहा मागवला.

“वाचली असती का?” मी विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “आणलं असतंत तर मी प्रयत्न केला असता. काही वाचतात, काही नाही. तुमच्या शेजारच्या खाटेवरचे बाबा वाचले.” मग ते बराच वेळ बोलले. मला कळलं तेवढं सांगतो. माझ्यासारखं घाबरणं एकदम उसळतं, मुंग्या येतात, श्वास धावतो, आणि बहुधा थोड्या वेळात ओसरतं. हृदयाचं दुखणं बहुतेक वेळा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं, हातात, पाठीत, जबड्यात जातं, मळमळतं, गार घाम येतो आणि बसून हटत नाही. बायकांना तर कधी नुसता थकवा आणि मळमळ जाणवते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. “पण महादेवराव,” ते म्हणाले, “हे पाठ करून घरी निवाडा करायचा नाही. दोन्ही एकमेकांसारखी सोंगं घेतात. मलासुद्धा पट्टी काढल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्ही कसं सांगणार होता?”

त्यांनी माझा अपराध हलका करायला हे म्हटलं होतं. पण मी तर सांगितलंच होतं ना. बसून, छातीठोकपणे.

एसटी स्टँडवर

पंधरवडाभर पाहुणा फिरकला नाही. मग एका दुपारी कामावर बसलो असताना आला. तीच धडधड, त्याच मुंग्या. मी सवयीनं ओट्यावर जाऊन बसलो. पांडूदादानं मला बघितलं आणि त्याची हातोडी सुरू झाली. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण त्या आवाजानं मला भडभडून आलं. समोर मोजायला कुणी नव्हतं. मी मोठ्यानं रडलो, आळी ऐकत होती तरी.

मंदा आतून आली. आधी भिंतीपाशी जाऊन म्हणाली, “पांडूकाका, थांबवा ती.” मग मला म्हणाली, “उठा. दवाखान्यात जायचं.”

“मंदे, ह्ये माजंच हाय गो. नेहमीचंच.”

“आईलापन तुमी ह्येच सांगितलं व्हतं,” ती म्हणाली आणि माझा दंड धरला.

गेलो. पालघरला पट्टी काढली, सगळं ठीक निघालं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी मंदा आता घरातल्या प्रत्येकाला दवाखान्यात नेते, आणि मी निमूट जातो. परतताना बोईसरच्या एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. उन्हाची तिरीप पायांवर होती. माझी छाती केव्हाच शांत झाली होती, आणि ती शांत झाली याचीच मला शरम वाटत होती.

“बाबा,” मंदा म्हणाली, “तुमाला कदी जबड्यात कळ आली व्हती?”

मला वाटत होतं, हे कुणी ऐकलं नसेल.

“नाय,” मी म्हणालो.

“वरवंटा ठेवल्यावानी? हात जड?”

“नाय गो. कदीच नाय. मला मुंग्या यायच्या.”

“मग आईला हो का सांगितलंत?”

“तिची भीती जावी म्हनून.”

ती रस्त्याकडं बघायला लागली. तिच्या आईसारखंच बघते ती.

“आईला भीती वाटतच नव्हती, बाबा,” ती म्हणाली. “ती तुमाला इचारत व्हती.”

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात कुणी असं विचारलं, तर धीर देण्यासाठी खोटं बोलू नका. ‘मला असं होत नाही’ एवढं खरं सांगा. आणि दाराशी जीप उभी असेल, तर तिला जाऊ देऊ नका.